तेलताडाला दिलेला ताण

माझ्या दीड एकरातली तेलताडाची झाडं उपटायला जेसीबी कोणत्या दिवशी आणायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. बाकी सगळं मला न विचारता ठरून गेलं होतं. वावर माझ्या नावावर, सातबारा माझा, झाडं मी लावलेली. पण ती उपटायचा विचार ओसरीवर बसून दोघांनी केला, माझ्या मुलानं आणि माझ्या धाकट्या दिरानं. मी आत भाकरी टाकत होते. वय झालं म्हणून मला ऐकू कमी येतं असा या दोघांचा समज आहे. मी तो कधी मोडला नाही. त्याचे फायदे फार आहेत.

पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. ही झाडं आमच्या गावात आली कशी, ते आधी सांगते.

आमचं गाव चांदूर बाजारपासून जवळच. सगळा पट्टा संत्र्याचा. लग्न होऊन आले तेव्हा मला संत्र्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. माझं माहेर अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडच्या विहिरीचं पाणी माणसाच्या तोंडात धरवत नाही, मग झाड काय पिणार? पाऊस देईल तेवढ्यावर पीक. त्यामुळं गोड्या पाण्याची विहीर आणि बारा महिने हिरवी बाग पाहून मी जत्रेत आल्यासारखी पाहत राहिले होते. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण बागेत झालं, आणि मालक गेल्यावर तर बागच माझी मास्तर झाली.

संत्र्यात सगळ्यात अवघड काम कोणतं, तर ताण देणं. ज्यांनी बाग केली नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडाला सारखं पाणी देत राहिलं तर ते नुसतं पाल्यावर जातं, फुलत नाही. म्हणून पाणी तोडायचं. महिना, दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, थोडी गळतात. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात. तो नेमका दिवस कोणता, हे मी पान दोन बोटांत धरून सांगायचे. चांगली मिशीवाली माणसं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारायची, "काकू, आमच्या बागेचा ताण बसला का, पाहा बरं एकखेप." माझा दीर आयुष्यात कोणाचं ऐकत नाही, पण तोही मला दोनदा त्याच्या बागेत घेऊन गेला होता. हे मिरवायला सांगत नाही. पुढं जे झालं ते याच्यामुळंच झालं, म्हणून सांगावं लागतं.

तर, नहराच्या काठचं माझं दीड एकर. नहर म्हणजे कालवा, तो पाझरतो. पाझरून पाझरून ती जमीन चिभडली, म्हणजे पाणी खाली जाईना, वरच ठाण मांडून बसलं. संत्र्याची मुळं कुजली, खोडातून डिंक वाहायला लागला, आणि चार वर्षांत एकेक करत सगळी झाडं गेली. दीर म्हणाला, "वयनी, त्या तुकड्यात आता गवतच पोसा. मशी तरी खातीन."

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीत शेतीखात्याची सभा झाली. देशाला खायचं तेल बाहेरून आणावं लागतं, म्हणून सरकारला तेलताडाची, म्हणजे पाम तेलाच्या झाडाची, लागवड वाढवायची आहे. रोपं देऊ, ठिबकला मदत देऊ, फळ येईपर्यंत चार वर्षं देखभालीला हातभार लावू, असं साहेब सांगत होते. माणसं ऐकत होती, चहा पीत होती. मग साहेब म्हणाले की या झाडाला उन्हाळ्यात रोज दोनशे लिटर पाणी लागतं. झालं! खुर्च्या सरकल्या. कोणी चपला शोधायला लागलं, कोणाला म्हशीची धार आठवली. आमच्याकडं विहिरी दरवर्षी खाली चालल्यात, त्यांचं काही चुकलं नाही. मी मात्र त्या एका वाक्यासाठीच बसून राहिले. ज्या पाण्यानं माझा संत्रा मेला, ते पाणी पिऊन टाकणारं झाड मला पाहिजेच होतं.

मी विचारलं, "साहेब, पाणी पायाशी उभं असलं त चालते का याले?"

"नाल्या काढाव्या लागतील आजी. पण संत्र्यापेक्षा नक्कीच सोसेल."

"मंग लिहा माह्यं नाव."

गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. चौकात म्हणायचे, बुढी आता ताडी इकणार. घरी दीर आला, खाटेवर बसला, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "वयनी, चवथ्या वर्षी फळ येते म्हणतात त्याले. अन् तुमी आता..."

"मी आता काय? बोला नं पुढे."

"नाही, म्हटलं वयाच्या मानानं..."

"माह्या वयाची काळजी तुमी नोका करू, भाऊजी. झाड पंचवीस वर्ष फळ देते. मी नसली त तुमी या तेल न्यायले. तुमी त लहान हा माह्याहून."

मुलगा एवढंच म्हणाला, "तुह्या नावाचं वावर हाय. तुही मर्जी." 'तुही मर्जी' म्हणजे 'मला विचारू नको', हे मला कळत होतं. पण त्यानं नाल्या खोदून दिल्या, ठिबक अंथरलं. तोंडानं नाही म्हणायचं आणि हातानं करायचं, हा त्याच्या बापाचा गुण.

रोपं लावायची ती नऊ-नऊ मीटरवर. मजुरीला आलेल्या बाया दोरी धरून चालता चालता थकल्या. एक म्हणाली, "काकू, दोन झाडाच्या मधात लग्नाचा मांडव पडते, मांडव!" दुसरी म्हणाली, "पंगतही बसते." पंच्याऐंशी रोपं लागली. पहिल्या उन्हाळ्यात मी प्रत्येकाला तुराट्यांचा आडोसा केला. आमच्या उन्हात माणूस सावली सोडत नाही, ती तर परक्या मुलखातली लेकरं.

कृषी सहायक म्हणून एक पोरगी यायची, परतवाड्याहून, स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधून. मला आजी म्हणायची. तिनं सांगितलं, "आजी, याले दुसऱ्या वर्षापासूनच फुलं येतीन. पण तिसरं वर्ष होईपर्यंत सारे तोडून टाकायचे. आंधी झाडाचं खोड भरू द्या." फूल तोडायचं! चाळीस वर्षं मी फुलासाठी देव पाण्यात ठेवले, आणि ही म्हणते तोडा. तिनं फूल तोडायला लांब छिन्नीसारखी लोखंडी पारळी दिली. मी पहिलं फूल तोडलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण तोडता तोडता ओळख झाली. या झाडाला नर फूल वेगळं येतं, मादी वेगळं. नराची लांब लांब बोटं असतात, आणि उमललं की चक्क बडीशेपेचा वास येतो. मादी आखूड, गुबगुबीत, काट्यांत लपलेली. फळाचा घोस धरतो तो मादीलाच.

तिसऱ्या वर्षी माघ संपता संपता ती पोरगी आली. पोट दिसत होतं. म्हणाली, "आजी, आता फुलं तोडणं बंद. आता येऊ द्या. मी बाळंतपणाच्या रजेवर चालली." मी तिच्या ओटीत नारळ टाकला. ती गेली. तिच्या जागेवर कोणी आलं नाही.

आणि मग मी ती गोष्ट केली.

फुलं येऊ द्यायची म्हणजे बहार धरायचा, आणि आमच्या मुलखात बहार धरायचा म्हणजे ताण द्यायचा. याच्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. मुलाला वाटलं नाही, सुनेला वाटलं नाही. दीर तर खाटेवर बसून खुशीत म्हणाला, "हां, आता वयनीचा हात लागून राहिला बागेले." चैत्रात मी माझ्या हातानं ठिबकचा कॉक बंद केला. नहरही उन्हाळ्याचा बंदच होता. जमीन भेगाळली. दर दोन दिवसांनी मी जाऊन पान बोटांत धरायचे. ते पान पट्टीसारखं ताठ. संत्र्याचं पान बोटाला सगळं सांगतं, हे काही सांगत नव्हतं. पण सवय अशी की मला ते सांगतंय असंच वाटलं. झाडाच्या मधोमध नवी पानं न उघडता भाल्यांसारखी उभी राहिली, तीन तीन, चार चार. मी मुलाला म्हणाले, "पाह्य, झकास ताण बसला." पंचेचाळीस दिवसांनी मी पाणी सोडलं. झाडं हिरवी झाली. मी घरी येऊन गोड केलं.

फुलं आली, पण बरीच नंतर, वर्ष उलटून गेल्यावर. एके सकाळी वावरात शिरले तर बडीशेपेचा घमघमाट. मी एका झाडाशी वाकले. नर. दुसऱ्याशी वाकले. नर. दुपारपर्यंत पंच्याऐंशी झाडं पाहिली. माझी कंबर मोडली, पण मादी एक सापडली नाही. मनाला म्हटलं, पुढच्या महिन्यात येईल. महिने गेले. बडीशेपेचा वास काही जाईना.

दिराला कळायला वेळ लागतो का? तो आला, कमरेवर हात ठेवून सगळी बाग हिंडला आणि धुऱ्यावर येऊन म्हणाला, "वयनी, सारे नरच? वांझोटी बाग लावली राज्या तुमी!"

लग्नानंतर आठ वर्षं मला मूल नव्हतं. हा शब्द मी याच घरात, याच माणसांच्या तोंडून ऐकलेला आहे. तेव्हा चुलीकडं तोंड करून ऐकायचे. आता चूलही गेली आणि ते तोंड करणंही गेलं. मी म्हणाले, "भाऊजी, झाडाले म्हणा काय म्हणायचं ते. पण तो शब्द माह्यासमोर पुन्हा काढसान त या वावरात पाय ठेवू देणार नाही." तो हसायला गेला, माझ्याकडं पाहिलं आणि हसला नाही.

याच्यानंतरची ती ओसरीवरची मसलत. अमरावतीचे मोठे साहेब दोन गाड्या भरून शेतकरी घेऊन येणार होते. वलगावकडचे, परतवाड्याकडचे. लागवड आणखी वाढवायची म्हणून आधीची बाग लोकांना दाखवायची, आणि तालुक्यात सगळ्यात आधी लागलेली बाग माझी. दीर मुलाला सांगत होता, "हाच मोका हाय. साहेबाले म्हण, रोपंच खराब देले. त्याईच्याकून लिहून घे. दुसऱ्या दिवशी जेसीबी लाव अन् मोकळा हो."

त्याच आठवड्यात ती पोरगी परत रुजू झाली. पावणेदोन वर्षांचा मुलगा आईकडं ठेवून आली होती. घरचं आजारपण निघालं आणि रजा लांबत गेली, असं म्हणाली. आल्या आल्या बागेत गेली, चार झाडं पाहिली आणि मला विचारलं, "आजी, पाणी बंद पडलं होतं का मधात? दोनक वर्षांआंधी?"

"बंद कायले पडते? मी बंद केलं होतं."

"काहून?"

"ताण देला."

ती उभी होती ती नालीच्या कडेला खालीच बसली. "आजी, याले ताण देत नाहीत. हे झाड तहानलं की नरच काढते. अन् लगेच नाही दिसत ते. दीड-दोन वर्षांनी दिसते."

मला आधी राग आला तो तिचाच. "मंग तूनं सांगितलं काहून नाही?"

"तुमी ताण देसान हे मले सपनात तरी येईन का? पाणी भरपूर द्या म्हणून पुस्तकात दहा जागी लिहिलं हाय."

"अन् पाणी तोडू नका म्हणून?"

तिनं पिशवीतून पुस्तिका काढली, उलटसुलट पाहिली. तसं कुठं नव्हतं. ज्यानं लिहिली त्यानं कधी संत्रा केला नसेल. जे करायचं कोणाच्या डोक्यातच येणार नाही, ते करू नका असं कोण लिहितो? आमच्या डोक्यात आलं. आमच्याच येणार.

"आता काय?" मी विचारलं.

"पाणी एकसारखं चालू ठेवलं त यंदा-पुढच्या वर्षी माद्या दिसायले पायजे."

"पक्कं?"

"पक्कं मी काहीच सांगत नाही आजी."

पोरगी मला तिथं आवडली. पक्कं सांगणारे मी पुष्कळ पाहिले.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुलाला सगळं सांगितलं. मग म्हणाले, "अन् जेसीबीवाल्याले सांग, घाई करू नको म्हणा."

त्याचा घास हातात राहिला. "तुले ऐकू आलं?"

"मले सारंच ऐकू येते."

सून ताटात पाहून हसायला लागली. मुलगा हसला नाही. बराच वेळ वरण कालवत बसला. मग हळू बोलला, आणि तेच मला लागलं, कारण तो माझ्याच बाजूनं बोलत होता. "आई, हे कोणाले सांगू नको. तुह्या ताणाचं या पंचक्रोशीत नाव हाय. लोक काय म्हणतीन? बुढीनं सोताच्या हातानं बाग मारली म्हणतीन. अन् चूक आपली हाय म्हटलं त सरकारची राहिलेली मदतही बंद करतीन. रोपं खराब म्हणून दे. कोणाचं काही जात नाही."

"झाडं जातात."

"नवे लावू नं दुसरं काहीतरी."

"रोपं चांगली होती. खोटं बोलून मी त्याईले उपटू?"

"झाडं हाय आई ते."

"मले मालूम हाय झाडं हाय. मी काय त्याईचं बारसं केलं?"

त्यानं ताटात पाणी सोडलं आणि उठला. मी रात्रभर तळमळले वगैरे म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. पण पहाटे उठल्यावर पहिला विचार तोच आला. खरं सांगितलं तर चाळीस वर्षांत कमावलेलं नाव जातं आणि झाडं कदाचित राहतात. खोटं सांगितलं तर नाव राहतं आणि झाडं नक्की जातात. मी ठरवलं होतं असंही नाही. मी त्या दिवशी फक्त नवं लुगडं काढलं.

साहेब आले. दोन गाड्यांतून पंचवीस-तीस शेतकरी उतरले. कापडी फलक लागला. खुर्च्या झाडांखालीच मांडल्या, कारण मांडवाची गरजच नव्हती. वर पानांचं छत असं की एप्रिलचं ऊन गाळून गाळून येत होतं. लोक वर पाहत होते, वास घेत होते. एकानं विचारलं, "इथं बडीशेप लावली का?" दीर मागच्या रांगेत बसून मिशीत हसला.

साहेब चांगलं बोलले. माणूस वाईट नव्हता. आकडे सांगितले, मदत कशी मिळते ते सांगितलं, मग म्हणाले, "आता आपल्या प्रगतशील शेतकरी आजी दोन शब्द सांगतील." मुलानं माझ्या हातात कागद दिला. त्यावर चार ओळी होत्या. रोपांमध्ये दोष असल्याचं दिसतं, वगैरे. अक्षर सुंदर त्याचं. मी कागद घडी करून कमरेला खोचला.

"बसूनच बोलते," मी म्हणाले, "उभं राहिलं की माह्ये गुडघे बोलतात. भाऊ हो, या बागेत पंच्याऐंशी झाडं हाय अन् फळ एकही नाही. शोधू नोका, मान दुखीन. सारे नर हाय. काहून? त मी याले ताण देला."

गलका झाला. साहेब म्हणाले, "आजी, एक मिनिट..."

"एक मिनिटातच सांगते साहेब. तुमची रोपं चांगली होती. पोरीनं सांगितलं ते सारं मी केलं. मंग सांगितलं नव्हतं तेही केलं. तुमच्यातले किती जण संत्रेवाले हाय? हात वर करा." पंधराएक हात वर झाले. "तुमीही हेच करणार होते. बहार धराचा म्हणजे ताण द्याचा, दुसरं आपल्याले येते काय? याले देऊ नोका. एक दिवस देऊ नोका. हे झाड संत्रा नोहे."

मागून दीर मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ज्याच्यासाठी नाव होतं, त्याच्यातच बुडाली वयनी!"

"हो, बुडाली," मी म्हणाले. "तुमच्या मान डोलावण्यासकट बुडाली, भाऊजी. त्या दिवशी खाटेवर बसून कोण म्हणत होतं, वयनीचा हात लागून राहिला?"

लोक हसले. त्या हसण्यात परतवाड्याकडचा एक माणूस उभा राहिला. पांढरी टोपी, कोरा सदरा. तो हसत नव्हता. "काकू," तो म्हणाला, "माह्या झाडाले तिसरं वर्ष हाय. मी त मांगल्याच हप्त्यात कॉक बंद केला."

"मंग उभा काय राहिला बाप्पा? फोन लाव घरी!"

त्यानं तिथंच लावला. "हॅलो... अव, पामचा कॉक खोल. पामचा! आत्ताच्या आत्ता... काहून काय काहून, खोल म्हणतो नं! ... मी आल्यावर सांगतो... तू मोटर सुरू कर आंधी!" फोन ठेवला आणि खाली बसला, घाम पुसत. त्याच्या शेजारचा दबक्या आवाजात म्हणाला, "मीही देणारच होतो बे, पुढच्या हप्त्यात."

त्यानंतर सभा साहेबांची राहिली नाही. जो तो विचारायला लागला. विहीर आटते, मग लावू का? मी म्हणाले, नको लावू. नुसत्या विहिरीच्या भरवशावर नको, माझ्या मागं नहर आहे, त्याच्या पाझरानं विहीर उन्हाळाभर टिकते म्हणून मी लावलं. साहेबांचा चेहरा उतरला. "आजी, तुम्ही लोकांना घाबरवताय."

"घाबरवून नाही राहिली साहेब. ज्याच्या विहिरीत पाणी नाही तो तुमच्या मदतीच्या लोभानं लावन, अन् तिसऱ्या वर्षी त्याले न मागता ताण बसन. मंग तुमाले शिव्या देईन. त्या मी वाचवून राहिली. अन् आता तुमीच एक सांगा. फळ तोडलं की दिवसभरात गिरणीत गेलं पायजे म्हणता. गिरणी कुठं हाय?"

"सध्या तेलंगणात आहे. इकडंही येणार आहे. प्रस्ताव गेलेला आहे."

"कधी येणार?"

साहेबांनी पाण्याची बाटली उघडली.

"बरं, नोका सांगू. पण पुस्तिकेत एक ओळ टाका. ताण देऊ नये. मोठ्या अक्षरात टाका, आमच्या लोकाईचे डोळे गेलेत."

ती पोरगी मान खाली घालून वहीत लिहीत होती. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, तरी ती लिहीत राहिली. मग वलगावचा एक जण म्हणाला, "उन्हाळ्यात रोजचं पाणी नेमकं किती बसते? अन् या चिभडीत नाल्या कशा काढल्या?" मी तोंड उघडणार, तोच माझ्या मागून मुलाचा आवाज आला. तो सांगत होता. नालीची खोली, उतार कोणीकडून कोणीकडं, कोणत्या महिन्यात किती तास ठिबक चालते, फिल्टर किती दिवसांनी धुवायचा. पाच वर्षं 'तुही मर्जी' म्हणणारा माणूस कागद न बघता बोलत होता. लोक त्याच्याभोवती गोळा होऊन नालीकडं गेले. मी खुर्चीत एकटी राहिले आणि गार झालेला चहा प्यायले.

जाताना साहेब मला म्हणाले, "देखभालीच्या राहिलेल्या मदतीचं मला वर विचारावं लागेल. चूक तुमच्याकडून झालेली आहे, हे तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

"विचारा," मी म्हणाले. "आली त बरं, नाही आली त पाणी काही तुमच्या कागदावर चालत नाही."

ती मदत अजून आलेली नाही. येईल असंही कोणी म्हणत नाही. गावात आता मला ताण पाहायला कोणी बोलावत नाही. मागच्या महिन्यात दोन बागांचा ताण बिघडला, तरी नाही बोलावलं. दीर येता-जाता धुऱ्यावरून विचारतो, "काय वयनी, झाली का नराची मादी?" मी म्हणते, "तुमी थांबा तिथंच, पह्यले तुमालेच सांगते." जेसीबीवाल्याचा फोन आला होता, तेव्हा मी तिथंच होते. मुलगा त्याला म्हणाला, "नाही राजा, सध्या नाही. बुढी जित्ती हाय." हे बोलणं काही चांगलं नाही. पण मला आवडलं.

आता जेठाचं ऊन आहे. रोज सकाळी सहाला मी कॉक उघडते, मुलगा फिल्टर धुतो. काल बाराव्या झाडाच्या बगलेत एक नवं फूल दिसलं, अजून वेष्टनात बंद. आखूड आहे, गुबगुबीत वाटतं. सून म्हणाली, टोकरून पाहू का? मी तिचा हात धरला. उघडायचं तेव्हा ते उघडेल. नर निघालं तर निघालं, कॉक चालूच राहील.